रंग काढायचा, नक्षी काढायची

मराठीतलं 'काढणे' हे क्रियापद मोठं अजब आहे. आपण डाग काढतो आणि रांगोळीही काढतो. पहिल्यात असलेलं जातं, दुसऱ्यात नसलेलं येतं. रंगवलेल्या कापडावरचा रंग हवा तेवढ्याच जागेवरून घालवून नक्षी करण्याच्या कामात हे दोन्ही अर्थ ब्रशाच्या एकाच फटकाऱ्यात येतात. कापडबाजारात याला 'डिस्चार्ज' म्हणतात, शाळेच्या पुस्तकात 'विरंजन', आणि आमच्या घरात 'मावशीचे ब्लीचचे उद्योग'.

हे उद्योग सुरू झाले एका गडद निळ्या सुती कुर्त्यापासून. ठाण्यात गोखले रोडवर घेतलेला, साधा, एकरंगी. बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरून मी त्याच्यावर ब्रशनं ब्लीचच्या कोयऱ्या काढल्या. पाचेक मिनिटांत निळ्यातून फिकट गुलाबी कोयऱ्या वर यायला लागल्या. भाची म्हणाली, "मावशी, हे तर फोटो धुतल्यासारखं आहे." एका व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून शेवटी कुर्ता व्हिनेगरच्या पाण्यात बुचकळला, वाळवला आणि दोन हळदीकुंकवांना मिरवला. चौथ्या धुण्याला मशीनमधून बाहेर काढला तेव्हा कोयऱ्यांच्या जागी भोकं होती. अगदी कोयरीच्याच आकाराची, शेपटी वळलेली. बाकीचा कुर्ता धडधाकट.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांची सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंग कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. त्यांनी कुर्ता उजेडात धरला, एका कोयरीतून बोट आरपार घातलं आणि म्हणाले, "अगं, सुरू करणं जमलं तुला. थांबवायचं राहिलं."

त्यानंतर त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यानं जे समजलं आणि स्वतः चिंध्यांवर करून पाहिलं, ते इथे मांडते आहे.

आधी रंग म्हणजे काय ते

आपल्याला वाटतं ब्लीच म्हणजे पांढरा रंग, किंवा रंग धुऊन नेणारा जबरी साबण. दोन्ही नाही. ब्लीच रंगाचा रेणू मोडतं.

रंगद्रव्याच्या रेणूत अणूंची एक लांब साखळी असते आणि तीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. अशा साखळीतले काही इलेक्ट्रॉन एका अणूला बांधलेले नसतात, ते साखळीभर मोकळे फिरतात. प्रकाश पडला की हे इलेक्ट्रॉन त्यातला ठरावीक भाग शोषतात, आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. निळं कापड नारिंगी-पिवळ्या भागाचा प्रकाश खातं, म्हणून ते निळं दिसतं.

एकतारीची तार डोळ्यांपुढे आणा. लांब तारेचा सूर खालचा, बोट दाबून ती आखूड केली की सूर वर चढतो. रंगाच्या साखळीचंही असंच. ती लांब असेतो शोषण दिसणाऱ्या प्रकाशात होतं. मधेच तोडली की उरलेले आखूड तुकडे 'वरच्या सुरात' जातात, म्हणजे अतिनील किरण शोषायला लागतात. ते आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. रेणूचे अवशेष अजून कापडात असू शकतात, पण आपल्या लेखी रंग गेला.

तोडायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली ऑक्सिडीकरण. घरातलं पातळ ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी, या जातीचं. जे सापडेल त्याचे इलेक्ट्रॉन हिसकावून घ्यायचे हा त्याचा स्वभाव. दुसरी तऱ्हा उलटी, क्षपणाची: इलेक्ट्रॉन कोंबायचे. डाईंगवाले ज्याला नुसतं 'हायड्रो' म्हणतात ते सोडियम हायड्रोसल्फाइट या जातीचं. आज वापरात असलेल्या रंगांपैकी निम्म्याहून जास्त 'अ‍ॅझो' घराण्याचे आहेत. त्यांच्या रेणूत मधोमध दोन नायट्रोजन हातात हात घालून उभे असतात. क्षपणानं नेमकी तीच पकड सुटते आणि रंगाचे दोन बिनरंगी तुकडे होतात. ते परत जुळत नाहीत.

नीळ मात्र या बाबतीत लबाड आहे. हायड्रो घातलं की ती फिकट होते, पाण्यात विरघळते, आता गेली असं वाटतं. कापड हवेत आणलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन पुन्हा निळी! निळीनं कापड रंगवायची पद्धतच या लपंडावावर उभी आहे. म्हणून जीन्सवरचा निळा रंग काढायचा तर क्षपण कामाचं नाही, तिथे ऑक्सिडीकरणच लागतं. हायपोक्लोराइटनं निळीचा रेणू दुभंगतो आणि आयसॅटिन नावाचा पिवळसर पदार्थ तयार होतो. नव्या जीन्सच्या मांडीवर जो 'वापरून विटलेला' पट्टा असतो तो बऱ्याचदा पोटॅशियम परमँगनेटच्या फवाऱ्यानं आणलेला असतो. धुलाई कारखान्यांत त्याला 'पीपी' म्हणतात. फवारा जांभळा, वाळल्यावर डाग तपकिरी, आणि मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात टाकला की तपकिरी जाऊन पांढुरका पट्टा उघडा पडतो. आपल्या जिल्ह्यात हे काम उल्हासनगरात चालायचं. तिथल्या जीन्स कारखान्यांचं सांडपाणी आणि वालधुनी नदी हे प्रकरण पुढे न्यायालयापर्यंत गेलं. विटकी जीन्स महाग का, असं भाची विचारते तेव्हा मी तिला निदान त्या नदीचा रंग सांगते.

काळा म्हणजे किती काळे?

या कामात सगळ्यात मजा काळ्या कापडाची. जांभळी नाक्याजवळच्या आणि स्टेशनबाहेरच्या दुकानांतून मी काळ्या कापडाचे चार तुकडे आणले. दुकानात चारही एकमेकांत मिसळले असते इतके सारखे. चारांवर एकाच बाटलीतल्या ब्लीचचा एकेक थेंब टाकला. पहिल्यावर गंजासारखा केशरी डाग आला. दुसऱ्यावर विटकरी, कडेला किंचित जांभळी झाक. तिसरा बिस्किटी झाला. चौथ्यावर काहीच नाही, थेंब मण्यासारखा बसून राहिला.

कारण असं, की कापडावरचा काळा बऱ्याचदा एका रंगाचा नसतोच. सुती कापडावर वापरला जाणारा एक प्रचलित काळा मुळात गर्द निळसर असतो. त्याला खरा काळेपणा यावा म्हणून त्यात केशरी किंवा लाल रंग मिसळतात. ब्लीचपुढे हे सगळे सारखा वेळ टिकत नाहीत. निळा आधी कोसळतो आणि त्याच्या मागे दडलेला केशरी उघडा पडतो. म्हणजे डागाचा केशरी ब्लीचनं आणलेला नाही, तो पहिल्या दिवसापासून कापडातच होता. हिरव्यातून पिवळा निघतो आणि जांभळ्यातून गुलाबी, तेही याच न्यायानं. बिस्किटी झालेला तुकडा पाहून काका म्हणाले, हा सल्फर ब्लॅक असणार: स्वस्त, धुण्याला पक्का, पण क्लोरीनपुढे लगेच शरण.

आणि चौथा? त्याचा एक धागा उपसून चिमट्यात धरून पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा, मागे भुरभुरीत राख. हा आक्रसला, वितळला आणि टोकाला कडक काळा मणी उरला. पॉलिएस्टर. त्याच्यातले रंग धाग्याच्या आत असे रुतलेले असतात की पाण्यातलं ब्लीच तिथवर पोचतच नाही. कापड शंभर टक्के सुती निघूनही रंग हलत नसेल, तर तो 'व्हॅट' जातीचा असू शकतो. गणवेश, इस्पितळातल्या चादरी अशा रोज रगडून धुवायच्या कपड्यांना हे रंग वापरतात. तिथे हट्ट करू नये. रंग जाण्याआधी कापड जाईल.

म्हणून कुर्ता हातात घेतला की आधी आतल्या शिवणीत एक थेंब टाकायचा. कापसाच्या काडीनं टाका आणि दहा मिनिटं बघत राहा. कोणता रंग निघतो हे कळतं, किती वेळात निघतो हेही कळतं. नक्षी काय काढायची ते त्यानंतर ठरवावं. केशरी निघणार असेल तर ज्वाळा, पळसाची फुलं असं काही सुचतं. गुलाबी निघणार असेल तर गोष्ट वेगळी.

रेशीम, लोकर आणि माझा ब्रश

रेशमाच्या किंवा लोकरीच्या जवळपास ब्लीचची बाटली नेऊ नका. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं आहेत, आणि हायपोक्लोराइट प्रथिनं विरघळवतं. नुसतं कमजोर करत नाही, खरोखर विरघळवतं. लोकरीचा धागा कडक ब्लीचमध्ये बुडवून ठेवला तर तो हळूहळू नाहीसा होतो. कापडात लोकर किती आणि कापूस किती हे तपासायला प्रयोगशाळेत हीच युक्ती वापरतात.

माझा यातला धडा ब्रशाचा. चित्रकलेचा जुना, जनावराच्या केसांचा चांगला ब्रश घेतला होता. केस म्हणजेही प्रथिनच, हे डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या कोयरीला तो चिकट झाला, पाचव्या कोयरीला त्याचं टोक कापडावर लापशीसारखं उतरलं. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले केस ब्लीचनं निघतात ते ह्यामुळेच. आता मी नायलॉनचा दहा-वीस रुपयांचा ब्रश वापरते. ब्लीच बोटांना लागलं की बुळबुळीत लागतं, तीही आपलीच कातडी असते. हातमोजे त्यासाठी.

स्ट्रेचवालं कापडही टाळावं. त्यातला लायक्रा क्लोरीननं पिवळट पडतो आणि ताण सोडतो. स्टीलचा चमचा, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको. धातू खाल्ला जातो आणि त्याचे डाग कापडावर उतरतात. प्लास्टिकची बादली आणि बांबूची काडी यांच्यावर भागतं.

थांबवणं

आता भोकांकडे येऊ.

सुती धागा म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो कड्यांची माळ. ब्लीचला रंग आणि माळ यांतला फरक कळत नाही. रंगाचा रेणू लवकर हाती लागतो म्हणून तो आधी मोडतो. रंग संपला की ब्लीच माळेकडे वळतं. इथे एक कडी, तिथे एक कडी. कापड दिसायला तसंच राहतं, पण आतून विरतं, जुनं धोतर विरतं तसं. पुढे मशीननं पिळलं की फाटतं. म्हणजे माझा कुर्ता चौथ्या धुण्याला फाटला असं म्हणणं चूक आहे. तो पहिल्याच दिवशी संध्याकाळी आतून फाटला होता.

नुसत्या पाण्यानं धुतल्यानं हे थांबत नाही का? बरंचसं थांबतं, पूर्ण नाही. सूत पाणी धरून ठेवतं आणि शिवणी, दुमडी, गळपट्टी यांच्या आत थोडं ब्लीच राहून जातं. ते मारायला दुसरं रसायन लागतं. ते व्हिनेगर नव्हे.

हा व्हिनेगरचा सल्ला इतका फोफावला आहे की जरा थांबून सांगते. ब्लीच अल्कधर्मी असतं आणि व्हिनेगर आम्ल. म्हणून लोकांना वाटतं, आम्लानं अल्क मारला, संपलं. पण आपल्याला मारायचा आहे हायपोक्लोराइट, अल्क नाही. अल्क हा तर हायपोक्लोराइटला लगाम घालून ठेवणारा सोबती. बाटलीतलं ब्लीच अल्कामुळेच महिनोन् महिने शांत बसतं. आम्ल ओतलंत की लगाम सुटतो, हायपोक्लोराइटचं हायपोक्लोरस आम्ल होतं आणि ते कितीतरी जास्त खवळलेलं असतं. त्यातही पाणी उदासीनाच्या आसपास आलं, म्हणजे पीएच सातच्या जवळ, की सेल्युलोजची सगळ्यात जास्त नासाडी होते. मी व्हिनेगरच्या पाण्यात कुर्ता बुडवून नेमकं हेच साधलं होतं. आम्ल याहून वाढलं तर क्लोरीन वायूच सुटतो. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर खंदकांत सोडला तो हाच वायू.

हे लिहिताना डोळ्यांपुढे ठाण्यातली न्हाणीघरं आहेत. पाच बाय चार, वर एक झरोका, कोपऱ्यात शौचालय साफ करायची हायड्रोक्लोरिक आम्लवाली बाटली आणि तिच्या शेजारी ब्लीच. या दोन बाटल्या कधीही, कशातही, एकत्र ओतू नका. अमोनियावालं काच पुसायचं पाणीही ब्लीचबरोबर नको, त्यातून क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात. ब्लीचचं काम बाल्कनीत किंवा गच्चीवर करावं. बंद दाराआड कधीच नाही.

मग थांबवायचं कशानं? दोन सोपे उपाय आहेत, दोन्ही नाक्यावर मिळतात. पहिला सोडियम थायोसल्फेट. फोटो स्टुडिओवाले पूर्वी ज्याला हायपो म्हणायचे तेच. आता स्टुडिओ गेले, पण शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला जे खडीसाखरेसारखे खडे पुडीत मिळतात ते बहुधा हेच असतात. मी तिथूनच घेते. दुकानदाराला आता वाटतं माझ्याकडे केवढं मोठं फिशटँक असेल. अर्ध्या बादलीत एक मोठा चमचा पुरतो.

दुसरा हायड्रोजन पेरॉक्साइड, औषधांच्या दुकानातला, जखमेवर लावायचा. हा स्वतः केस पांढरे करणारा, पण हायपोक्लोराइट समोर आलं की दोघे एकमेकांना संपवतात. उरतं मीठ, पाणी आणि ऑक्सिजन. पाण्यात बुडबुडे दिसतात ते ऑक्सिजनचे. बुडबुडे थांबले की ब्लीच संपलं. डोळ्यांना कळतं म्हणून नवशिक्यांना मी हाच सांगते. दुकानात साधारण 6 टक्क्यांचा मिळतो. हिशेब केला तर त्याचे 100 मिली हे 5 टक्क्यांच्या सुमारे 250 मिली ब्लीचला पुरून उरतात, आणि धुतलेल्या कुर्त्यात तेवढं ब्लीच शिल्लक असण्याचा प्रश्नच नाही. पण क्रम पाळायचा: आधी भरपूर वाहत्या पाण्यात धुवा, मग पाच लिटर पाण्यात 100 मिली पेरॉक्साइड घालून दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग पुन्हा साबणानं धुवा.

आणि थोडं आधीच थांबा. ओलं कापड गडद दिसतं, वाळलं की छटाभर उजळतं. आपण हवा तो रंग ओल्यात शोधत बसतो आणि वाळल्यावर तो हातचा गेलेला असतो.

बांधणीची नक्कल

कापडावर आधी मेण लावून, गाठी मारून किंवा चिखल थापून रंगाला अडवायचं आणि मग रंगवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. बांधणी त्यातलीच. चिमूटभर कापड दोऱ्यानं आवळलं की तिथे रंग शिरत नाही, ठिपका पांढरा राहतो. असे ठिपकेवाले रुमाल हिंदुस्थानातून इंग्लंडला जायचे आणि तिथे फार खपायचे. 'बँडाना' हा शब्द आपल्या बांधण्यावरूनच गेला.

तिकडच्या कारखानदारांना एकेक गाठ मारणारे हात परवडणारे नव्हते. पण त्यांच्या हाती तोवर क्लोरीन आलं होतं. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी तो वायू 1774 मध्ये वेगळा केला. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ बर्थोले यांनी 1785 च्या सुमारास त्यानं कापड पांढरं होतं हे दाखवलं. 1799 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. त्याआधी युरोपात ताग्यांचे तागे आठवडे, कधी महिने, कुरणांवर उन्हात पसरून ठेवावे लागत.

मग त्याच ग्लासगोत हेन्री मॉन्टीथच्या कारखान्यात उलटी बांधणी सुरू झाली. आधी अख्खं कापड तुर्की लाल रंगात रंगवायचं. घड्या घालून ते शिशाच्या दोन जाड पत्र्यांमध्ये ठेवायचं, पत्र्यांना ठिपक्यांची भोकं पाडलेली. जलदाबाच्या यंत्रानं करकचून आवळायचं, इतकं की भोकांखेरीज कुठेही थेंब शिरू नये. मग वरच्या भोकांतून क्लोरीनचं पाणी सोडायचं. ते घड्यांतून आरपार जायचं आणि वाटेतला लाल रंग घेऊन खाली उतरायचं. पत्रे उघडले की लालभडक जमिनीवर पांढरेशुभ्र ठिपके. आपल्याकडे गाठीनं रंग आत येऊ द्यायचा नाही, तिकडे यंत्रानं आवळून ब्लीच बाहेर जाऊ द्यायचं नाही. मला ही नक्कल अस्सलाइतकीच आवडते, फक्त नाव बदललं असतं तर बरं झालं असतं.

तुर्की लाल म्हणजे मंजिष्ठाच्या कुळातल्या मुळांतला अ‍ॅलिझरिन. हा अ‍ॅलिझरिन 1868 मध्ये प्रयोगशाळेत बनला आणि रंगांच्या कारखान्यांचा जमाना आला. त्यातलीच एक कंपनी 1886 मध्ये स्वित्झर्लंडातल्या बाझलमध्ये निघाली आणि अ‍ॅलिझरिन घराण्याचा एक निळा रंग बनवू लागली. तिचं नाव सँडोज. आपण ज्या सँडोजबागेला रिक्षा थांबवतो, ती कोलशेत रस्त्यावरची, तीच ही. आता तिथे टॉवर आहेत.

दुकानातला डिस्चार्ज

दुकानात 'डिस्चार्ज प्रिंट' म्हणून मिळतं ते घरगुती ब्लीचचं नसतं. तिथे क्षपणाची तऱ्हा चालते. थायोयुरिया डायऑक्साइड किंवा फॉर्मल्डिहाइड सल्फॉक्सिलेट असं रसायन गवारीच्या डिंकात घोटून लापशी करतात. हो, आपण भाजी करतो तीच गवार, तिच्या बियांचा डिंक. ठशानं किंवा स्क्रीननं ती काळ्या जमिनीवर छापायची आणि वाळवायची. अजून नक्षी जवळजवळ दिसत नाही. मग कापड वाफेच्या पेटीत जातं आणि काही मिनिटांत बुट्ट्या उजळून वर येतात. उष्णता मिळेपर्यंत रसायन झोपलेलं असतं, त्यामुळे छपाई करणाऱ्याला घाई नसते. आमच्या ब्लीचमध्ये ही चैन नाही.

याहून चलाखी रंगीत डिस्चार्जमध्ये. त्याच लापशीत क्षपणाला न भिणारा एखादा रंग घालतात. वाफेत जमिनीचा अ‍ॅझो काळा मोडतो आणि त्याच क्षणी पिवळा किंवा लाल त्याच्या जागी जाऊन बसतो. व्हॅट रंग वापरला तर गंमत दुहेरी: ज्या रसायनानं काळा मरतो त्याच रसायनानं व्हॅट रंग विरघळून धाग्यात शिरतो. फिरोजी जमिनीवर मात्र या पद्धतीची नक्षी काढणं कठीण. तो रंग अ‍ॅझो नसून तांब्याभोवती विणलेल्या वेगळ्याच घराण्याचा आहे आणि क्षपणाला दाद देत नाही.

ओळखायचं कसं? गडद कापडावर फिकट नक्षी असेल तर तिच्यावरून बोट फिरवा. रबर प्रिंट असेल तर बोट अडतं, उन्हात घामानं तो भाग चिकटतो. डिस्चार्जमध्ये नक्षी आणि जमीन हाताला एकसारखी लागतात, कारण वर काही थापलेलंच नाही. कापड उलटं करा, मागूनही नक्षी दिसते. पहिल्यांदा घालायच्या आधी मात्र धुवा. सल्फॉक्सिलेटमधून फॉर्मल्डिहाइड सुटतो आणि गंधकाचा वास राहतो. शिवाय अ‍ॅझो रंग मोडल्यावर जे तुकडे होतात ती अमाइन्स असतात. त्यातली काही घातक, म्हणून बेन्झिडीन वगैरेंपासून बनणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर भारतानं 1990 च्या दशकात बंदी आणली. ही वाफेची पद्धत घरी इस्त्रीवर करून दाखवणारेही आहेत. मी करत नाही, फ्लॅटमध्ये कुणी करू नये असं माझं मत आहे.

घरी करायचं तर

पहिल्यांदा कुर्ता घेऊच नका. अर्धा मीटर गडद सुती कापड घ्या आणि गरम पाण्यात साबणानं धुऊन त्याची खळ काढा. खळ राहिली तर ब्लीच ठिकठिकाणी अडतं आणि नक्षी खवलेखवले येते. ब्लीचची बाटली ताजी हवी, बाटलीवर छापलेला महिना बघून घ्या. आपल्याकडच्या उकाड्यात हायपोक्लोराइट बाटलीतल्या बाटलीतच मरत जातं. गेल्या वर्षीची बाटली वापरून रंग निघत नाही म्हणून दुप्पट वेळ ठेवणं म्हणजे कापडाचा दुप्पट छळ.

ब्लीचइतकंच किंवा दुप्पट पाणी घालून सुरुवात करा. ब्रशनं काढायचं तर हे पाणी फार पसरतं. म्हणून कपभर पाण्यात मोठा चमचाभर कॉर्नफ्लॉवर शिजवून पूर्ण गार करावं आणि मग त्यात तेवढंच ब्लीच मिसळावं. ही पेस्ट लगेच वापरायची, कारण ब्लीच रंगासारखंच पिष्टालाही मोडतं आणि अर्ध्या-पाऊण तासात तिचं पुन्हा पाणी व्हायला लागतं. कापडाच्या दोन थरांमध्ये प्लास्टिक गुंडाळलेला पुठ्ठा सरकवा, नाहीतर पुढची नक्षी पाठीवर उतरते.

ठशाला भेंडी. चित्रकलेच्या तासाला भेंडीचे छाप मारले नाहीत असा मराठी माणूस विरळा. आडवी कापलेली भेंडी पेस्टमध्ये हलकेच टेकवायची, एकदा वर्तमानपत्रावर टिपायची आणि मग कापडावर. पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, आणि बी जिथे होती तिथे पाकळीत एक गडद ठिपका राहतो. दर सात-आठ छापांनंतर नवा काप घ्या, जुना बुळबुळतो.

माझी सध्याची आवडती युक्ती कढीपत्त्याची. वाणसामानाबरोबर फुकट आलेली डहाळी कापडावर चपटी ठेवायची, पानांवर दोन-चार नाणी ठेवायची आणि इस्त्रीच्या पाण्याच्या फवाऱ्यानं वरून पातळ ब्लीचचं धुकं सोडायचं. फवारा उभा नको, आडवा, जरा लांबून. तोंडावर मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. पानांखालचा काळा तसाच राहतो, भोवती केशरी बारीक कण पसरतात आणि डहाळीच्या देठाची रेघसुद्धा उमटते. नाणी मी एकदाच वापरली, दुसऱ्या दिवशी ती काळी-हिरवी पडली होती. आता तिथे समुद्रावरचे गोटे असतात.

उरलेली पेस्ट किंवा पातळ केलेलं ब्लीच कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून 'पुढच्या वेळेला' ठेवू नका. त्यातून हळूहळू वायू सुटत राहतो, झाकण घट्ट असेल तर बाटली फुगते. आणि घरात कुणी तहानलेला हात त्या बाटलीकडे कधी जाईल याचा नेम नाही. थोडं असेल तर पेरॉक्साइड घालून बुडबुडे संपेपर्यंत मारा, मग भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. ब्रशही त्याच पाण्यात खळबळून घ्या.